थंडीत टायर कडक का होतो? चार्ल्स गुडइयर नावाच्या कर्जबाजारी माणसाची गोष्ट

डिसेंबर-जानेवारीत नाशिकमध्ये पहाटे गाडी काढणाऱ्यांना थंडी काय असते ते वेगळं सांगायला नको. निफाडकडे पारा एक आकडी होतो, कधी ५ अंशांच्याही खाली उतरतो. द्राक्षांचे मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी बागेत शेकोट्या पेटवतात. अशा दिवसांत मोबाईलवर टायर शोधायला बसलं की एक शब्द हमखास समोर येतो : ऑल-सीझन. म्हणजे सगळ्या ऋतूंत चालणारा टायर. त्यात कुणाचा भाऊ जर्मनीत, कुणाची बहीण कॅनडात. तिकडून फोन येतो की विंटर टायर लावायला टाकलेत. मग आपल्याला प्रश्न पडतो, आपणही बदलायचे का?

याचं उत्तर आहे, आणि ते लेखाच्या शेवटी नीट सांगतो. पण आधी एका माणसाला भेटू. रबर थंडीत दगडासारखं होतं आणि उन्हात चिघळतं, या एका प्रश्नापायी त्याने आयुष्य घालवलं. त्याचं आडनाव तुम्ही टायरवर शेकडो वेळा वाचलं असेल. त्याने मात्र कारचा टायर कधी पाहिलाच नाही. त्याचं नाव चार्ल्स गुडइयर.

हार्डवेअरच्या दुकानातून तुरुंगात

चार्ल्सचा जन्म २९ डिसेंबर १८०० रोजी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन गावी झाला. वडील अमासा गुडइयर शेतीची अवजारं आणि धातूच्या छोट्यामोठ्या वस्तू बनवायचे. पोरगा मोठा होऊन त्याच धंद्यात शिरला. १८२४ साली क्लॅरिसा बीचर हिच्याशी लग्न झालं. पुढे त्याने फिलाडेल्फियात हार्डवेअरचं दुकान टाकलं. सुरुवात बरी झाली, पण उधारी वाढली, वसुली थांबली, आणि १८३० च्या आसपास दुकान बुडालं.

त्या काळी कर्ज फेडता आलं नाही तर सरळ तुरुंगात टाकत. गुडइयर पहिल्यांदा आत गेला तो याच कारणाने, आणि पुढे आयुष्यभर त्याची ये-जा चालूच राहिली. तब्येत नाजूक, घरात लहान मुलं, वर धंद्याचं कर्ज. माणूस अशा वेळी एखादी नोकरी धरतो. गुडइयरने रबर धरलं.

रबर तेव्हा कसं होतं?

आज आपल्याला रबर म्हणजे घट्ट, लवचीक, भरवशाची वस्तू वाटते. १८३० च्या दशकात तसं नव्हतं. ब्राझीलच्या जंगलातल्या झाडांचा चीक वाळवून रबर यायचं. त्याला इंडिया रबर म्हणत, पण त्या नावातला इंडिया आपला नव्हे. वेस्ट इंडीज आणि अमेरिकेतले मूळ रहिवासी, ज्यांना युरोपीय लोक इंडियन म्हणत, त्यांच्यावरून ते नाव पडलं.

पाणी आत शिरू न देणारी वस्तू म्हणून रबराची एकदम लाट आली. बूट, कोट, टोप्या, पाण्यात तरंगवणारे पट्टे. कंपन्यांवर पैसा ओतला गेला. आणि मग अमेरिकेचा हिवाळा आला, त्यामागे उन्हाळा. हिवाळ्यात बूट लाकडासारखे ताठ झाले. उन्हाळ्यात त्याच बुटांचा चिकट, घाण वास येणारा लगदा झाला. गिऱ्हाइकांनी माल परत आणून टाकला.

१८३४ साली गुडइयर न्यू यॉर्कमध्ये रॉक्सबरी इंडिया रबर कंपनीच्या दुकानात गेला. तिथल्या तरंगत्या पट्ट्याची हवा भरायची झडप त्याला सदोष वाटली होती, म्हणून त्याने चांगली झडप बनवून नेली. दुकानाच्या व्यवस्थापकाला झडप आवडली, पण घ्यायची त्याची ऐपतच उरली नव्हती. परत आलेल्या, वितळलेल्या मालाने कंपनीचं कंबरडं मोडलं होतं. अडचण झडपेत नव्हती, रबरातच होती. गुडइयर तिथून बाहेर पडला तो हा प्रश्न डोक्यात घेऊनच.

त्याला रसायनशास्त्र येत नव्हतं. शिक्षण बेताचं होतं. घरी परतल्यावर लगेच जुन्या कर्जापायी पुन्हा तुरुंग. तिथेच त्याने रबराचे गोळे मागवले आणि बायकोचं लाटणं घेऊन ते मळायला सुरुवात केली.

पाच वर्षं, एकामागून एक आपटी

त्याची पद्धत सोपी होती. रबर चिकट आहे, तर त्यात कोरडी पूड घालून बघू. आधी मॅग्नेशिया घातला. रबर पांढरं, गुळगुळीत झालं. घरच्यांनी मिळून बुटांचे जोड बनवले. उन्हाळा आला आणि बुटांचा लगदा झाला. मग चुना वापरून बघितला. चुन्याने चिकटपणा जायचा, पण आंबट पदार्थाचा एक थेंब पडला की सगळं मुसळ केरात.

एकदा नायट्रिक आम्लाने रबराचा वरचा थर कोरडा पडतो असं लक्षात आलं. या आम्लाच्या वाफांनी तो एकदा मरता मरता वाचला. १८३७ मध्ये त्या पद्धतीचं पेटंट मिळालं, भांडवल देणारा माणूसही मिळाला. तेवढ्यात अमेरिकेत मोठी मंदी आली आणि भांडवलदारच बुडाला. गुडइयर कुटुंब स्टेटन आयलंडवरच्या बंद पडलेल्या रबर कारखान्यात राहायला गेलं.

तो स्वतः रबराचे कपडे घालून फिरायचा. लोक म्हणायचे, रबराची टोपी, रबराचा कोट आणि रबराचं पाकीट, पण पाकिटात दमडी नाही, असा माणूस दिसला तर तो गुडइयर समजा. चेष्टा होती, पण त्यातलं शेवटचं खरं होतं.

मग तो मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्नला गेला. तिथे नथॅनिएल हेवर्ड नावाचा कारागीर रबरात गंधक मिसळून ते उन्हात वाळवत होता. गंधक म्हणजे तेच, जे आपल्याकडे द्राक्षबागेत भुरीवर मारतात. गुडइयरने हेवर्डकडून त्याच्या पद्धतीचे हक्क घेतले. या भरवशावर त्याने अमेरिकन सरकारसाठी टपालाच्या १५० पिशव्या बनवायचं काम पत्करलं. पिशव्या झकास झाल्या. त्या गरम हवेच्या दिवसांत टांगून ठेवल्या, काही दिवसांनी पाहतो तर आकार बिघडलेला, कड्या गळून पडलेल्या. गंधकाने फक्त वरचा थर सुधारला होता. आतलं रबर तसंच कच्चं होतं.

आता मदत करणारेही थकले. पोराबाळांच्या घरात इतकी वर्षं हाच खेळ चाललेला, ओळखीच्यांना तो वेडा वाटायला लागला होता.

१८३९ ची शेगडी

पुढचा प्रसंग अनेक प्रकारे सांगितला जातो, पण मूळ गोष्ट एकच आहे. १८३९ साली वोबर्नमध्ये गंधक मिसळलेल्या रबराचा तुकडा तापलेल्या लोखंडी शेगडीला लागला. रबर तापलं की वितळणार, हे तोवर सगळ्यांना पाठ होतं. हा तुकडा वितळला नाही. तो चामड्यासारखा करपला. आणि करपलेल्या भागाच्या कडेला एक पट्टा असा होता की जो करपलाही नव्हता, चिकटही नव्हता. लवचीक होता.

ज्याने पाच वर्षं रबर चिघळताना बघितलं, त्यालाच या पट्ट्याची किंमत कळणार. इतर कुणी तो तुकडा फेकून दिला असता. गुडइयरने, असं सांगतात, तो कडाक्याच्या थंडीत घराबाहेर खिळ्याने ठोकून ठेवला. सकाळी काढून वाकवला तर तो तसाच मऊ, तसाच लवचीक. उन्हाची परीक्षा शेगडीने घेतली होती, थंडीची परीक्षा त्या रात्रीने घेतली.

आज ऑल-सीझन टायरकडून आपण जे मागतो, ते हेच. गरमीत चिघळू नको, थंडीत ताठू नको.

आत नेमकं काय घडलं?

कच्चं रबर म्हणजे शिजवलेल्या शेवयांचा ढीग समजा. लांबच लांब रेणूंचे धागे एकमेकांत गुंतलेले, पण कुठेच बांधलेले नाहीत. तापलं की धागे एकमेकांवरून घसरतात, म्हणून रबर चिकट होतं. गार पडलं की तेच धागे हळूहळू एका ओळीत दाटीने बसतात आणि रबर ताठ होतं.

गंधक मिसळून भरपूर उष्णता दिली की गंधकाचे अणू दोन धाग्यांच्या मध्ये टाका घालतात. गोधडीला घालतात तसे. टाके पडल्यावर धागे उन्हात घसरत नाहीत आणि थंडीत सहजासहजी ओळीत बसत नाहीत. ओढलं तर ताणतात, सोडलं तर परत जागेवर येतात. टाके फार झाले तर रबर लाकडासारखं टणक होतं, कमी पडले तर चिकट राहतं. त्यामुळे गंधक किती, उष्णता किती आणि वेळ किती, या तीन गोष्टींवर सगळा खेळ आहे.

शोध लागला, पण पोट भरेना

ते प्रमाण बसवायला गुडइयरला आणखी जवळपास पाच वर्षं लागली. घरात भट्टी नव्हती, म्हणून तो इतरांच्या कारखान्यांत जाऊन काम संपल्यावर उरलेली आच मागायचा. क्लॅरिसाच्या स्वयंपाकाच्या चुलीत भाकरीशेजारी रबर भाजलं जायचं. मुलांची शाळेची पुस्तकं विकायची वेळ आली. त्याच दिवसांत त्यांचा लहान मुलगा गेला आणि अंत्यसंस्कारापुरतेही पैसे घरात नव्हते. या जोडप्याची १२ मुलं, त्यांपैकी ६ लहानपणीच दगावली.

या गोष्टीकडे फक्त जिद्दीची गोष्ट म्हणून बघणं बरोबर नाही. त्याच्या जिद्दीचं बिल क्लॅरिसाने आणि मुलांनी भरलं. तिने काय सोसलं ते कुठल्याही पेटंटवर लिहिलेलं नाही.

शेवटी एका नातेवाईक लोकर कारखानदाराने पैसा पुरवला. दाबाखालची वाफ, सुमारे १३० अंश सेल्सिअस आणि ४ ते ६ तास, असं गणित जमलं. १५ जून १८४४ रोजी अमेरिकेत ३६३३ क्रमांकाचं पेटंट मिळालं.

पण तोवर इंग्लंडमध्ये एक घोळ झाला होता. गुडइयरच्या रबराचे नमुने तिकडे दाखवायला गेले होते, आणि ते थॉमस हॅनकॉक या रबरातल्या मुरलेल्या कारखानदाराच्या हाती पडले. नमुन्यांवर गंधकाची खूण होती. हॅनकॉकने स्वतः प्रयोग करून १८४३ च्या शेवटी ब्रिटिश पेटंटसाठी अर्ज केला, गुडइयरच्या आधी. या क्रियेला व्हल्कनायझेशन हे नावही हॅनकॉकच्या मित्राने रोमन अग्निदेव व्हल्कनवरून सुचवलं. ब्रिटनमधलं उत्पन्न गुडइयरच्या हातून गेलं.

अमेरिकेत लोक त्याची पद्धत बिनदिक्कत चोरत होते. १८५२ साली न्यू जर्सीतल्या ट्रेंटनमध्ये होरेस डे या कारखानदाराविरुद्ध मोठा खटला चालला. गुडइयरच्या बाजूने उभा राहिला डॅनियल वेबस्टर, जो तेव्हा अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री होता. त्याची फी सुमारे १५,००० डॉलर होती. गुडइयर जिंकला. त्या खटल्यात वकिलाला मिळाले तेवढे पैसे गुडइयरला एकरकमी क्वचितच बघायला मिळाले असतील.

हिशेब त्याला कधीच जमला नाही. आपली पद्धत वापरायचे परवाने तो फार स्वस्तात द्यायचा. दुसरीकडे १८५१ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनात त्याने सुमारे ३०,००० डॉलर खर्चून रबराच्या वस्तूंचं अख्खं दालन उभं केलं. १८५३ मध्ये क्लॅरिसा गेली. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात पुन्हा तसाच खर्च केला, आणि तिथलं पेटंट रद्द झाल्याने पैसा थांबला. कर्जापायी तो पॅरिसच्या तुरुंगात असतानाच फ्रान्सच्या सम्राटाने दिलेला सन्मान त्याला मिळाला.

१ जुलै १८६० रोजी, मरणासन्न मुलीला भेटायला जात असताना, न्यू यॉर्कमध्ये त्याचा मृत्यू झाला. वय ५९. डोक्यावर जवळपास २ लाख डॉलरचं कर्ज होतं.

मग टायरवर त्याचं नाव कसं आलं?

हवा भरलेला टायर वापरात आणला जॉन बॉइड डनलॉपने, १८८८ साली बेलफास्टमध्ये. गुडइयर जाऊन तेव्हा २८ वर्षं झाली होती. १८९८ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रनमध्ये फ्रँक सायबर्लिंगने टायर कंपनी काढली आणि तिला मानाने गुडइयरचं नाव दिलं. त्याचा किंवा त्याच्या घरच्यांचा या कंपनीशी संबंध नव्हता. याच नावाचा कारखाना पुढे आपल्या वाळूजलाही उभा राहिला. आणि १९७७ साली याच कंपनीने टिएम्पो नावाचा टायर आणला, जो अमेरिकेतल्या सुरुवातीच्या ऑल-सीझन टायरांपैकी सर्वांत गाजलेला.

नाशिकच्या सातपूरमध्ये सिएटचा कारखाना आहे. तिथेच काय, जगातल्या कुठल्याही टायर कारखान्यात शेवटची पायरी तीच असते : साचा, दाब, उष्णता आणि गंधकाचे टाके. गुडइयरला जिथे तास लागायचे, तिथे आता कारचा टायर काही मिनिटांत शिजतो, एवढाच फरक.

आता आपला प्रश्न : कोणता टायर घ्यायचा?

गुडइयरने रबर चालण्याची तापमानाची पट्टी रुंद केली, पण अमर्याद केली नाही. प्रत्येक टायरची आतली पाककृती वेगळी असते. नैसर्गिक रबर किती, कृत्रिम किती, कार्बन किती, सिलिका किती, यावर तो कुठे मऊ राहणार ते ठरतं.

समर टायर गरम रस्त्यावर घट्ट राहतो. साधारण ७ अंशांखाली तो कडक व्हायला लागतो आणि पकड कमी होते. विंटर टायर थंडीतही मऊ राहतो, आणि त्याच्या नक्षीत बारीक चिरा असतात, ज्या बर्फ धरतात. पण ४० अंशांच्या डांबरावर तो भराभर झिजतो आणि ब्रेक लावल्यावर गाडी उशिरा थांबते. ऑल-सीझन म्हणजे मधला तोडगा. दोन्हीकडे ठीक, पण कडक हिवाळ्यात खऱ्या विंटर टायरएवढा नाही.

तुम्ही नाशिकमध्येच गाडी चालवत असाल तर : विंटर टायर घेऊ नका. पहाटे ८ अंश असले तरी दुपारी पारा २८-३० वर जातो आणि एप्रिलमध्ये ४० गाठतो. भारतात मिळणारा चांगला नेहमीचा टायर पुरे आहे. आपल्याकडे खरी कसोटी पावसात कसाऱ्याच्या घाटात लागते, तेव्हा ओल्या रस्त्यावरची पकड आधी बघा.

थंडीत हवा मात्र नक्की तपासा. दुपारी ३० अंशांत भरलेली ३३ पीएसआय हवा पहाटे ८ अंशांत ३ ते ४ पीएसआयने कमी भरते. गाडी चालवायच्या आधी, टायर गार असताना मोजा. किती भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली की टायर गोटा झाला असं समजा आणि बदला. टायरच्या बाजूला डीओटी अक्षरांनंतर येणाऱ्या शेवटच्या चार आकड्यांत जन्मतारीख असते. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. सेलमध्ये स्वस्त मिळतोय म्हणून जुना माल घेऊ नका, रबर नुसतं पडून राहिलं तरी कडक होतं.

मनाली किंवा काश्मीरची ट्रिप असेल तर : एका ट्रिपसाठी टायर बदलण्यात अर्थ नाही. पण बर्फावर आपला नेहमीचा टायर चालेल या भ्रमातही राहू नका. बर्फाच्या रस्त्यासाठी टायरला लावायच्या साखळ्या तिकडे मिळतात. नाहीतर शेवटच्या टप्प्याला स्थानिक गाडी आणि ड्रायव्हर घ्या.

घरातलं कुणी जर्मनी, कॅनडात असेल तर : त्यांना हे पाठवा. फक्त ऑल-सीझन हा शब्द वाचून टायर घेऊ नका. टायरच्या बाजूला दोन खुणा असू शकतात. एम+एस म्हणजे चिखल आणि बर्फ, पण ही खूण कंपनी स्वतःच लावते, त्यासाठी बर्फावरची चाचणी बंधनकारक नसते. दुसरी खूण म्हणजे तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. ही मिळवायला बर्फावर चाचणी पास व्हावी लागते. जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी रस्त्यांसाठी हीच खूण ग्राह्य धरली जाते. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत. आणि टायर बदलायचे तर चारही बदला. दोनच बदलले तर वळणावर गाडीचं एक टोक रस्ता धरतं आणि दुसरं सोडतं.

पुढच्या वेळी पहाटे गाडी काढताना टायरवर हात ठेवून बघा. गार लागेल, पण दाबला तर रबर रबरासारखंच असेल. ज्या माणसामुळे ते तसं आहे, त्याला त्यातून फारसं काही मिळालं नाही. आपण निदान आठवड्यातून एकदा हवा तरी तपासू या.